चपटे डोके, कितव्या महिन्यात?

भिवंडीत नदीनाक्याला कामवारी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागले की शेलार येते. यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग, डाईंग आणि त्यांच्या आडोशाने उभ्या राहिलेल्या चाळी. अशा चाळीतल्या एकाच खोलीत स्वयंपाक होतो, रातपाळी करून आलेला माणूस झोपतो, थोरले मूल अभ्यास करते आणि तान्हे बाळ भिंतीलगत गोधडीवर नाहीतर साडीच्या झोळीत पडून असते. बहुतेक वेळ उताणे. दोन-तीन महिन्यांत मागचे जावळ घासून विरळ होते, आंघोळ घालताना तळहाताला डोक्याची मागची बाजू सपाट लागते आणि घरातली वडीलधारी बाई म्हणते, ‘पोराचं डोकं चपटं झालं.’ त्यावर आईला एकच विचारायचे असते: असे किती मुलांचे होते? प्रश्न रास्त आहे, कारण जे पुष्कळांचे होते त्याची धास्ती कमी वाटते. पण वैद्यकीय नियतकालिकांत उत्तर शोधायला गेले तर कुठे शंभरात ४७ मुले सापडतात, कुठे २०, कुठे ३, कुठे २. हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. ते मुख्यतः वेगवेगळ्या वयांचे आकडे आहेत, आणि वय गाळून विचारलेल्या ‘किती’ला या बाबतीत अर्थच उरत नाही.

नवजात बाळाची कवटी अखंड नसते. पातळ, लवचीक हाडांचे तुकडे मऊ सांध्यांनी जोडलेले असतात. मागची टाळू दोनेक महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत उघडी असते. जन्मताना वाट काढण्यासाठी ही हाडे एकमेकांवर सरकतात, म्हणून काही बाळांचे डोके सुरुवातीला लांबुडके दिसते आणि काही दिवसांत पूर्ववत होते. त्यानंतर आतून रेटा सुरू होतो तो मेंदूच्या वाढीचा. जन्मावेळी ३४-३५ सेंटिमीटर असलेला डोक्याचा घेर पहिले तीन महिने दरमहा सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो, मग वेग मंदावतो, आणि वर्षाचे मूल ४५-४६ सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. ही वाढ जिकडे मोकळीक मिळेल तिकडे पसरते. बाळ सतत एकाच बाजूला मान टाकून पडले तर टेकलेला भाग मागे राहतो आणि बाकीचा पुढे जातो. डोके कुणी चेपलेले नसते. त्या जागेची वाढ तेवढी अडलेली असते. म्हणूनच चपटेपणा येणे आणि तो भरून निघणे या दोन्ही गोष्टी एकाच वाढीवर चालतात. मूल मान धरू लागले, पालथे पडू लागले, बसू लागले की त्या जागेवरचा भार सुटतो. ज्या महिन्यांत डोके झपाट्याने वाढते आणि मूल स्वतः मान फिरवू शकत नाही, नेमके तेच महिने चपटेपणाचे.

आकडे आता याच क्रमाने लावून पाहावेत. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत ३८० नवजात बालके तपासली, तेव्हा जन्मतः डोके एका बाजूने सपाट असलेली ६.१ टक्के, म्हणजे २३ बाळे निघाली. सात आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर हे प्रमाण २२.१ टक्क्यांवर गेले होते. गंमत पुढेच आहे: आधीच्या २३ पैकी १४ बाळांची डोकी दरम्यान सुधारली होती, आणि नव्याने सपाट झालेली ७५ होती. म्हणजे सात आठवड्यांच्या बाळाच्या चपटेपणाचे कारण बहुधा गर्भाशयात किंवा बाळंतपणात शोधू नये, ते घरात असते. २००४ साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०० बाळांचा दोन वर्षे पाठपुरावा प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांना १६ टक्के, चार महिन्यांना १९.७, वर्षाला ६.८ आणि दोन वर्षांना ३.३. कॅनडातल्या कॅलगरी शहरातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७ ते १२ आठवड्यांच्या ४४० बाळांपैकी तब्बल ४६.६ टक्के बाळांत डोक्याची एक बाजू सपाट आढळली. आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पाहणीत बारा ते सतरा वर्षांच्या हजारावर मुलामुलींची डोकी तपासली, तेव्हा असा आकार शंभरात दोघांच्या आसपासच उरला होता. हे सगळे एका ओळीत ठेवले की टेकडीचा आकार दिसतो: जन्माला थोडा चढ, दीड महिन्यापासून चार महिन्यांपर्यंत माथा, मग लांब उतार. शेलारच्या आईला माथ्यावर उभे राहून पाहायला लागते, त्यामुळे तिला उतार दिसत नाही.

कॅलगरीचा आकडा न्यूझीलंडच्या दुपटीहून मोठा का, हा प्रश्न मात्र वयाने सुटत नाही. दोन्ही पाहण्यांतली बाळे जवळपास सारख्याच वयाची होती. इथे दुसरी गोष्ट कळते. कॅलगरीत सपाट म्हणून मोजलेल्यांपैकी ७८.३ टक्के बाळांत सपाटपणा सौम्य होता. सौम्य वगळले तर एकूण बाळांत शंभरात दहाच उरतात. न्यूझीलंडमध्ये आधीच रेघ मारून घेतली होती: डोक्याची रुंदी लांबीच्या ९३ टक्के किंवा जास्त भरली, अथवा दोन तिरक्या मापांत ६ टक्क्यांचा फरक पडला, तरच नोंद. रेघ कुठे मारायची हे निसर्ग ठरवत नाही, मोजणारा ठरवतो. म्हणून ‘प्रमाण वाढले’ अशी बातमी वाचली की आधी रेघ सरकली का ते पाहावे.

या रेघेचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणायचे, हे बाळांसाठी आज वापरले जाणारे गुणोत्तर मुळात मानववंश मोजण्याचे हत्यार होते. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतभरच्या डोक्यांची आणि नाकांची मापे गोळा करून त्यांवर वंशांची उतरंड रचली. पश्चिम भारतातली डोकी त्यांना रुंद आढळली, आणि तेवढ्या आधारावर त्यांनी मराठ्यांना शकांच्या वंशाशी जोडून टाकले. मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२च्या आपल्या जातीविषयक ग्रंथात या मांडणीची कठोर चिकित्सा केली. रिस्ले यांचे वंशशास्त्र टिकले नाही, पण त्यातून एक सावधगिरी घेण्याजोगी आहे. डोक्याची सरासरी रुंदी सगळीकडे सारखी नसते. जपान आणि कोरियातली निरोगी बाळे युरोपीय सरासरीहून रुंद डोक्यांची असतात. युरोपातल्या बाळांवर बेतलेली रेघ जशीच्या तशी ठाणे जिल्ह्यात आणली, तर काही निरोगी, घराण्यानेच रुंद डोक्याची मुले आजारी ठरतील. एका बाजूचा सपाटपणा मात्र असा फसवत नाही, कारण तिथे मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या बाजूशी होते. आपल्याकडे कधी मोजायचे ठरलेच तर तिथून सुरुवात करावी.

आणि त्या दोन बाजूही कधी तंतोतंत सारख्या नसतात. हे ज्यांनी कारकिर्दीच्या सुरुवातीलाच मोजून दाखवले त्या इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून त्या घराघरांत माहीत आहेत, पण त्यांच्या पीएचडीचा विषय मानवी कवटीची नैसर्गिक असममिती हा होता, हे कमी जणांना ठाऊक असते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर यांची धारणा अशी होती की गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ, आणि त्याची खूण म्हणून त्यांच्या कवटीच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असणार. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण तिचा वंशाशी संबंध सापडला नाही, आणि मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी तसाच लिहिला. थोडा वाकडेपणा हा माणसाच्या डोक्याचा स्वभाव आहे. आज बाळाच्या डोक्याचा वरून फोटो काढून अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने हवालदिल होणाऱ्या आईबापांना हे कुणी तरी सांगायला हवे.

पाश्चात्त्य देशांत हा विषय पुढे आला तो एका चांगल्या कामाच्या पोटी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिकडे बाळाला पालथे झोपवण्याची पद्धत रूढ झाली होती. पालथी झोपणारी बाळे झोपेत अचानक दगावण्याचे प्रमाण जास्त आहे हे सिद्ध झाल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला, १९९४ साली बाळाला उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम निघाली, आणि दशकभरात असे मृत्यू निम्म्यावर आले. त्याच वर्षांत चपट्या डोक्याची बाळे दवाखान्यांत मोठ्या संख्येने येऊ लागली. या जोडीवरून कुणी असे काढेल की उताणे झोपवणे चुकले. तसे मुळीच नाही. सपाट डोके भरून येते; झोपेत गेलेले मूल परत येत नाही. शिवाय हा चढता आलेख आपला नाही. आपल्याकडे बाळाला उताणे किंवा आईच्या कुशीत झोपवण्याची रीत जुनीच, आणि म्हणून डोके चपटे होण्याची काळजीही जुनीच. मोहरीची उशी, डोक्याला तेल लावून गोलाई देणे, टाळू भरणे हे सगळे कुठल्याही मोहिमेच्या कितीतरी आधीचे आहे. जिथे उपाय इतका रुळलेला, तिथे तक्रारही सर्रास असणार. युरोपातही ती जुनी आहे: शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या वेसालियसने १५४३ सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले की जर्मनांची डोकी मागून सपाट असतात, कारण तिथे मुलांना पाळण्यात उताणे ठेवतात.

इथे आपल्या घरांतून एक सबळ आक्षेप येतो. मालीशवाली बाई रोज डोके चोळून गोल करते, मोहरीच्या उशीवर बाळ झोपते, आणि वर्षाच्या आत डोके छान होते. मग हे उपाय खोटे कसे? टेकडीचा आकार आठवला की उत्तर मिळते. काहीच केले नाही तरी चौथ्या महिन्यानंतर बहुतेक डोकी सुधारतातच. तिसऱ्या महिन्यात उशी आणली आणि आठव्या महिन्यात डोके गोल झाले, तर श्रेय उशीला जाते; खरे काम मूल पालथे पडू लागल्याने झालेले असते. हाताने दाबून हाडांना आकार येत नाही, आणि टाळूवर तर दाब देऊच नये. उशीबद्दल अधिक कडक बोलायला हवे. तान्ह्याच्या नाकातोंडाशी मऊ वस्तू आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणतीही उशी नको असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२च्या नोव्हेंबरात खास दिला. अशा उशा ऑनलाइन दुकानांत सर्रास विकल्या जातात. तरीही जुन्या रीतीत एक गोष्ट अस्सल आहे आणि तिची दखल घेतली जात नाही. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर घेते, पाठ चोळण्यासाठी पालथे करते. त्या काही मिनिटांत बाळ मान उचलायला धडपडते. नेदरलँड्सच्या त्याच पाहणीत, जागेपणी दिवसातून तीनदा तरी पालथे न ठेवलेल्या बाळांत चपटेपणा जास्त आढळला होता. म्हणजे आजीने जे डोके चोळून मिळवले असे तिला वाटते, त्यातले काही तिने पाठ चोळून मिळवलेले असते. न्हाणी बंद झाली की तीही मिनिटे जातात, कारण मालीशवालीला महिना-दीड महिन्याच्या पुढे पैसे देणे रोजंदारीच्या घराला परवडत नाही. ती मिनिटे आईने, बापाने, थोरल्या भावंडाने द्यायची. त्यांना तेलही लागत नाही.

मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत आता बाळाच्या डोक्यावर मापाने बनवलेली टोपी चढवण्याचा उपाय सुचवला जातो. ती दिवसातले बहुतेक तास कित्येक महिने घालावी लागते आणि खर्च यंत्रमाग कामगाराच्या आवाक्याबाहेरचा असतो. ती न मिळाल्याने शेलारच्या मुलाचे काही बुडते का? २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या डच चाचणीत पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला टोपी, एकाला काहीच नाही. दोन वर्षांच्या वयाला पूर्ण बरी झालेली मुले टोपीच्या गटात २६ टक्के आणि दुसऱ्या गटात २३ टक्के. फरक नगण्य, आणि टोपीच्या गटातल्या सगळ्याच पालकांनी त्वचेच्या किंवा दुसऱ्या कुठल्या तरी त्रासाची तक्रार केली. या चाचणीत अतितीव्र चपटेपणाची बाळे घेतली नव्हती, हा टोपीवाल्यांचा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करावा लागतो. पण मध्यम चपटेपणासाठी कर्ज काढणाऱ्या आईबापांना या चाचणीचे उत्तर स्पष्ट आहे.

सर्वांत खोल भीती आकाराची नसते, मेंदूची असते. डोके चपटे, म्हणजे मूल मंद निघेल का? अमेरिकेतल्या एका गटाने अशा बाळांना शाळकरी वयापर्यंत पाहिले आणि २०१९ साली निष्कर्ष मांडले. सौम्य चपटेपणाची मुले इतरांसारखीच निघाली. मध्यम आणि तीव्र गटातल्या मुलांचे गुण सरासरीने थोडे कमी होते. यातून सपाट कवटीने मेंदू दाबला असे निघत नाही. उलट वाट अधिक पटणारी आहे: ज्या बाळाच्या स्नायूंत जोर कमी, जे मान उशिरा धरते, उशिरा पालथे पडते, ते एकाच जागी जास्त पडून राहते आणि त्याचे डोके जास्त सपाट होते. चपटेपणा तिथे कारण नसतो, खूण असते.

म्हणूनच ‘आपोआप बरे होते तर मोजायचे कशाला’ या आक्षेपाशी मी सहमत नाही. ज्या राज्यात अजून कुपोषणाशी झुंज चालू आहे तिथे डोक्याच्या आकाराची चैन कशाला, असेही कुणी म्हणेल. पण हे मोजमाप कुपोषणाच्या वाटेतच भेटते. मुडदुसात ड जीवनसत्त्वाच्या अभावी कवटीची हाडे मऊ पडतात, बोटाने दाबली तर दबतात, आणि टेकलेली बाजू सहज सपाट होते. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत जन्मलेले, उन्हाला न गेलेले, आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व कमी असलेले बाळ या वाटेवर असते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना तान्ह्यांना रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्व द्यायला सांगते, ते मिळते का हे विचारण्याचे निमित्त सपाट डोके देते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० विकारांच्या यादीत चपटे डोके नाही आणि ते नसणेच बरोबर. पण मुडदूस आहे, हालचालींच्या वाढीतला उशीरही आहे. तिसरी शक्यता मानेची: एका बाजूचा स्नायू आखडलेला असेल तर बाळ दुसरीकडे वळतच नाही, आणि व्यायामाने तो आखडलेपणा लवकर सुटतो. चौथी सर्वांत दुर्मीळ, पण चुकवू नये अशी. सुमारे दोन-अडीच हजार बाळांत एकाच्या कवटीचा एखादा सांधा वेळेआधी जुळून जातो, आणि त्यातही मागचा सांधा क्वचितच. ओळखायचे वरून पाहून. पडून राहिल्याने सपाट झालेल्या बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेले दिसतात. सांधा जुळला असेल तर त्या बाजूचा कान मागे ओढलेला आणि त्याच्या पाठीमागे हाड उंचावलेले असते. असे बाळ शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडेच जायला हवे.

यासाठी नवी योजना नको. लसीकरणाच्या तारखा आणि टेकडीचा आकार एकमेकांवर चपखल बसतात: दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस चढावर आणि माथ्यावर, नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस उतारावर. नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या घरभेटी ४२ दिवसांपर्यंत चालतात, म्हणजे डच संशोधकांनी दुसऱ्यांदा पाहिले जवळजवळ त्याच दिवसापर्यंत. गावातली प्रशिक्षित बाई नवजात बाळाकडे शिस्तीने पाहू शकते, हे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत दाखवून १९९९ साली लॅन्सेटमध्ये मांडले आहे. घेर मोजायची टेप आकार सांगत नाही, त्यामुळे टेप गुंडाळून ठेवल्यावर एकदा वरून पाहायचे, इतकेच वाढीव काम. दीड महिन्याला सपाट दिसले तर विचारायचे, बाळ कुठल्या बाजूला पाहते, दूध कुठल्या हातावर घेऊन पाजता. खोलीला दार एकच आणि उजेड एकाच बाजूने येत असेल तर बाळ तिकडेच मान टाकणार. रात्रीआड डोके-पाय अदलाबदल करून झोपवले की उजेड दुसऱ्या बाजूला येतो आणि मानही तिकडे वळते. झोळीत कापड डोक्याला सगळीकडून लपेटते, पण मान हलवायला जागा ठेवत नाही, म्हणून जागे बाळ झोळीतून काढून गोधडीवर पालथे घालायचे आणि कुणीतरी समोर बसायचे. साडेतीन महिन्यांना सपाटपणा तसाच असला तरी मान धरली असेल तर थांबता येते. नऊ महिन्यांना मात्र मूल बसते का ते पाहायचे. बसते आणि डोके थोडे सपाट आहे, तर आईला उतार दाखवून घरी पाठवायचे. बसत नाही आणि डोके सपाट आहे, तर त्याच दिवशी चिठ्ठी लिहून भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात, बालरोगतज्ज्ञाकडे.